उरलेले गहू

आमच्या चर्चमधल्या गव्हाणीचं गवत दर वर्षी मी वाढवायचे आणि त्याचा मला भारी तोरा होता. एका वर्षी त्या तोऱ्यापायी शेजारची एक म्हातारी बाई मरता मरता राहिली. ही गोष्ट मी आजवर दोनदाच सांगितली आहे. पहिल्यांदा सांगितली ती जिथे सांगून कुणाचं काही भलं होणार नव्हतं अशा जागी, आणि दुसऱ्यांदा सांगितली ती फार उशिरा. आता वय झालंय, तर एकदा सगळी लिहून टाकते.

नव्वदच्या दशकातलं नाशिक. नवरा अंबडच्या एका कारखान्यात होता, मी महापालिकेच्या शाळेत शिकवायचे. आमचं चर्च तेव्हा गावाच्या कडेला होतं. पलीकडे भिंतीला लागून कोबी-फ्लॉवरचे आणि झेंडूचे मळे, आणि मळ्यांच्या अलीकडे पत्र्याच्या खोल्यांची एक ओळ. नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांना आम्ही आगमनकाळ म्हणतो. या दिवसांत आमच्याकडे बायकांच्या वाट्याला दोन कामं असत. एक म्हणजे गव्हाणी, म्हणजे बाळ येशूच्या जन्माचा देखावा. त्यात लाकडाचा गोठा, मातीच्या मूर्ती, आणि खाली खरंखुरं हिरवं गवत. हे गवत म्हणजे ताटल्यांत माती घालून पेरलेले गहू. दोन आठवडे आधी पेरायचे, रोज पाणी शिंपडायचं, की नाताळला वीतभर कोंब उभे राहतात.

दुसरं काम मुठीच्या गव्हाचं. आगमनकाळात प्रत्येक घरची बाई कणीक मळायच्या आधी एक मूठ गहू बाजूला काढून ठेवायची आणि रविवारी चर्चच्या हॉलमध्ये आणून पोत्यात ओतायची. नाताळच्या तीन-चार दिवस आधी सगळ्या मिळून ते निवडायच्या, गिरणीतून दळून आणायच्या आणि पिठाच्या पिशव्या आसपासच्या गरजू घरांत पोचवायच्या. घर ख्रिस्ती आहे की नाही हे कुणी बघत नसे. चूल थंड आहे का एवढंच बघायचं.

तर गवत. ताटलीतले गहू फार लाडावलेले असतात. पाणी जास्त झालं की बुरशी धरतात, कमी झालं की पिवळे पडतात. आमच्या पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या हद्दीत, दोन विभाग होते, आणि दुसऱ्या विभागातल्या बायका गव्हाणीची एक बाजू सजवायच्या. त्यांचं गवत म्हणजे कुठे टक्कल, कुठे पांढरी बुरशी. माझं मात्र दोन वर्षं असं दाट यायचं की लोक हात लावून बघत. "काय करता हो बाई तुम्ही?" असं विचारलं की मी म्हणायचे, "प्रार्थना करते." आणि मनातल्या मनात हसायचे. इतका वाह्यातपणा माझ्यात होता.

खरं कारण मळ्यातले दादा होते. भिंतीपलीकडचा मळा त्यांचा. आमच्या वेदीला झेंडू तेच द्यायचे, आणि नाताळला माझ्या घरून करंज्या-केक त्यांच्याकडे जायचा. एकदा मी गवताचं रडगाणं गायले तेव्हा त्यांनी पेरणीतलं उरलेलं गव्हाचं बियाणं मला आणून दिलं. टपोरे, एकसारखे दाणे, वरून पांढुरक्या भुकटीचा हात फिरवलेला. "ताई, हे फकस्त पेरायचं हाय," ते म्हणाले होते. "किडीचं, बुरशीचं, सगळं औषध चोळलंय याला. हात साबनानं धुवा. पोरांना शिवू देऊ नका, अन् कोंबड्यांनाबी टाकू नका."

हे सगळं मी नीट ऐकलं होतं. मला माहीत नव्हतं असं मी कधीच म्हणू शकत नाही.

त्या वर्षी त्यांनी पत्र्याचा एक डबा भरूनच दिला. ताटल्यांत पेरून निम्म्याहून जास्त उरला. घरी नेला असता तर काही प्रश्नच नव्हता. पण एखाद्या ताटलीत विरळ उगवलं तर भर घालायला जवळ असावा म्हणून मी तो हॉलमध्येच ठेवला, लांब टेबलाच्या खाली, पडद्याच्या आड. त्यावर चिठ्ठी लावायला हवी होती. खडू होता, कागद होता, वर्गात रोज शंभर गोष्टींवर लेबलं लावणारी मी. पण चिठ्ठी लावली की दुसऱ्या विभागातल्या बायकांना माझ्या गवताचं गुपित कळणार. म्हणून नाही लावली. असलं क्षुल्लक कारण होतं, आणि दुसरं काहीच नव्हतं.

नाताळला आठवडा होता तेव्हा ताटल्यांशेजारी एक उंदीर मरून पडलेला दिसला. दाणे उकरून खाल्ले होते त्याने. तोंडाशी फेस वाळलेला होता आणि पाय ताठ झाले होते. मी इकडेतिकडे बघितलं, त्याला वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि भिंतीपलीकडे फेकून दिलं. हात दोनदा धुतले. हे औषधाच्या दाण्यांनीच झालं हे मला कळलं होतं. पण गवत झकास आलं होतं, आणि ते बघताना सगळं विसरायला झालं.

गहू निवडायच्या दिवशी माझ्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. मी दिवसभर मुलींच्या नाचाच्या ओढण्या बांधत होते. इकडे हॉलमध्ये बायका बसल्या निवडायला. त्याच दिवशी गव्हाणीच्या गोठ्याला रंग चालला होता, त्यामुळे हॉलभर टर्पेंटाइनचा वास, दुसरा कुठला वास कळायची सोय नव्हती. कुणीतरी पोती ओढताना पडदा सरकला आणि टेबलाखालचा डबा दिसला. उघडून बघितला तर गहू, वरून पांढरी भुकटी. आता आपल्याकडे वर्षाचे गहू भरताना कोण बोरिक पावडर लावत नाही? त्यांच्यातल्या प्रत्येकीच्या घरी तसेच गहू होते. कुणा दानशूर बाईने गपचूप आणून ठेवले असतील असं त्यांना वाटलं. फडक्याने पुसले आणि दळणात मिसळून टाकले. दुसऱ्या दिवशी पिशव्या घरोघर पोचल्यासुद्धा.

मला कळलं ते त्या संध्याकाळी. एका ताटलीचा कोपरा उंदराने उघडा केला होता, तो भरायला मी डब्यासाठी टेबलाखाली हात घातला. डबा नव्हता. मान वर केली तर तो मागच्या कट्ट्यावर होता, स्वच्छ घासून, धुऊन, निथळायला उपडा घातलेला.

माझी एक मैत्रीण हॉल झाडत होती, आदल्या दिवशी तीही निवडायला बसली होती. तिला मी विचारलं, "यातले गहू?"

"अगं, मिसळले की दळणात. चांगले टपोरे होते. कोण देऊन गेलं कुणास ठाऊक, देव त्याचं भलं करो."

मी खाली बसले. तिने विचारलं चक्कर आली का. मी हो म्हटलं.

त्या क्षणी मी ओरडायला हवं होतं. फादरांकडे धावत जायला हवं होतं. पण माझं डोकं कशात चाललं होतं सांगू? हे कळलं तर ही मैत्रीण काय म्हणेल, दुसऱ्या विभागातल्या बायका काय म्हणतील, प्रार्थना करून गवत वाढवणारी बाई म्हणून आता माझी कशी छी-थू होईल. आणि तेवढ्यात मला एक युक्ती सुचली. तिची मला आजही किळस येते. पीठ तर परत आणायचंच, पण कारण सांगायचं की पिठात किडे झालेत.

यादी चर्चच्या धर्मभगिनी, म्हणजे सिस्टरांकडे होती. आमच्या या सिस्टर घरोघर भेटी द्यायच्या, आजाऱ्यांची विचारपूस करायच्या. प्रत्येक पिशवी कुठे गेली ते त्यांना तोंडपाठ. त्यांना म्हटलं, "जुने गहू होते बहुतेक, पिठात पोरकिडे निघालेत. नाताळच्या दिवसांत असलं पीठ लोकांना द्यायचं बरं दिसत नाही." त्या लगेच उठल्या. अंधार पडेपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी दारोदार फिरलो. नाताळच्या दिवशी नवीन पीठ आणून देऊ असं सगळ्यांना सांगत होतो. बहुतेकांनी पिशवी सोडलीही नव्हती, नाताळसाठी राखून ठेवली होती. एका घरी परातीत पीठ काढलं होतं, ते मी परातीतून परत भरून घेतलं. ती बाई माझ्याकडे बघतच राहिली.

शेवटचं घर पत्र्याच्या खोल्यांमधलं. तिथे एक म्हातारी राहायची, सगळे तिला आजी म्हणायचे. कळवणच्या पलीकडच्या गावची, विधवा, दादांच्या मळ्यात निंदायला आणि फुलं खुडायला जायची. तिची मुलगी वारली होती, जावयाने दुसरा संसार थाटला, आणि सात वर्षांची नात हिच्या पदरात. नात माझ्या वर्गात होती.

आजीला किडे म्हटल्यावर हसूच आलं. "पोरकिड्याला काय भ्यायचं बाई? चाळून घेते की. आमच्याकडं तर धान्याबरोबर येत्यातच ते."

"नाही आजी, द्या. परवा चांगलं आणून देते."

"परवा?" ती म्हणाली. मग आत गेली आणि बराच वेळ आतच राहिली. भांड्याचा आवाज आला. बाहेर येऊन तिने पिशवी माझ्या हातात दिली, आणि मला ती हलकी लागली.

मला हलकी लागली. दुसऱ्या हातात दुसऱ्या घरची पिशवी होती, फरक कळत होता. आणि परवापर्यंत या घरात काय शिजणार हेही मला दिसत होतं, कारण दारातून आतली फळी दिसत होती आणि तिच्यावर फार काही नव्हतं. पण सिस्टर पुढे निघाल्या होत्या, यादी संपली होती, आणि मला ते संपायला हवं होतं. मी स्वतःची समजूत घातली की भरतानाच कमी भरली असेल. नातीच्या गालाला हात लावला आणि निघाले.

हॉलमागे खड्डा खणून मी सगळं पीठ पुरायला घेतलं. सिस्टर म्हणाल्या, "किडेच आहेत ना? कोंबड्यांना घालू की. एवढं पीठ मातीत का घालायचं?" त्यांनी मागे पाच-सहा कोंबड्या पाळल्या होत्या. मी इतक्या जोरात "नको!" म्हटलं की त्यांनी फावडं खाली टेकवलं आणि माझ्याकडे बघितलं. मग माती ओढायला लागल्या.

त्या संध्याकाळी नाताळआधीची कन्फेशन, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली, होती. आमच्यात कन्फेशनच्या जाळीआड जे सांगितलं जातं ते फादर मेले तरी कुणाला सांगू शकत नाहीत. पोलिसांना नाही, बिशपांना नाही, ज्याने सांगितलं त्याच्याजवळसुद्धा बाहेर आल्यावर तो विषय काढू शकत नाहीत. हे लहानपणापासून मला पाठ होतं. म्हणूनच मी रांगेत उभी राहिले. गुडघे टेकले आणि जाळीपाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. बियाणं, डबा, उंदीर, पोरकिड्यांची थाप. हलकी पिशवी तेवढी सांगितली नाही.

मग फादर हळू आवाजात म्हणाले, "सगळं पीठ परत आलं, याची खात्री आहे?"

"आहे फादर."

"तरी आता बाहेर जा, आणि मी बाहेर आलो की हेच मला पुन्हा सांगा. सिस्टरांनाही सांगा. इथून मी काहीच करू शकत नाही. माझे हात बांधलेले आहेत, कळतंय ना तुम्हाला?"

"हो फादर."

त्यांनी पापक्षमा दिली. मी बाकावर जाऊन प्रायश्चित्ताच्या 'नमो मरिया' प्रार्थना म्हटल्या आणि मला खरंच हलकं वाटलं. पीठ पुरलंय, पाप धुतलंय, मग आता चव्हाट्यावर कशाला? फादर जाळीआडून बाहेर आले तेव्हा मी दारातून सटकले होते. वळून बघितलं तर ते बाकांमध्ये कुणाला तरी शोधत होते. मी चपला हातात घेऊन पायऱ्या उतरले.

दुसऱ्या दिवशी, चोवीस तारखेला, मी घरी करंज्या तळत होते. दुपारी मैत्रीण धापा टाकत दारात आली. "आजीला झटके येतायत. दादांनी टेम्पोतून सरकारी दवाखान्यात नेलंय. तू चल, ती पोरगी तुझंच नाव घेतेय."

मी गॅस बंद केला. कढईतली करंजी तशीच राहिली.

रिक्षात मैत्रीण काहीबाही बोलत होती आणि मी एकसारखी म्हणत होते, थंडीने झालं असेल, वय झालंय, उपाशीपोटी पित्त झालं असेल. माझ्याच आवाजावर माझा विश्वास बसत नव्हता.

आजी खाटेवर होती. दोन जणांनी तिचे खांदे धरले होते आणि तरी खाट हलत होती. तोंडाच्या कोपऱ्यात फेस होता. मला तो उंदीर दिसला. भिंतीशी दादा, सिस्टर, माझी मैत्रीण, आणि जरा मागे फादर. त्यांनी मला येताना बघितलं आणि लगेच नजर खाली घातली.

डॉक्टर तरुण होते, घाईत होते. "आधी कधी फिट यायची का?"

"नाय, कधीच नाय," दादा म्हणाले. "सकाळी फुलं खुडत होती की माझ्यासंगं. उद्या नाताळ म्हणून लवकर घरी धाडली."

"काय खाल्लं?"

नात खाटेचा दांडा धरून उभी होती. "चपाती," ती म्हणाली. "दोन चपात्या खाल्ल्या. मला भात दिला कालचा."

"पीठ कुठलं?"

"पीठ आमच्या चर्चचं, निवडलेल्या गव्हाचंच असतं डॉक्टर," माझी मैत्रीण मध्येच म्हणाली. "मीच निवडलेत. अन् ते तर आम्ही परत घेतलं होतं."

"थोडं काढून ठेवलं होतं आजीनं," नात म्हणाली. "किडे चाळून टाकले तिनं."

डॉक्टरांनी मान हलवली. किड्यांनी झटके येत नाहीत हे त्यांनाही माहीत होतं. ते पुन्हा फिटच्या आजाराबद्दल विचारायला लागले, डोक्याला मार लागला होता का, ताप होता का. मी फादरांकडे बघितलं. माणसाचा चेहरा इतका वाईट झालेला मी पुन्हा कधी पाहिला नाही. त्यांना सगळं ठाऊक होतं. त्या खोलीत हे ठाऊक असलेली दोनच माणसं होती, आणि त्यातल्या एकाला मी स्वतःच्या हाताने मुकं करून ठेवलं होतं. ते मला खूणसुद्धा करू शकत नव्हते. आणि मी? मला लाज वाटत होती. त्या खाटेपाशी उभं राहूनही मला पहिल्यांदा लाजच वाटली, हे मी लपवत नाही.

तेवढ्यात मैत्रीण वाकली आणि तिने नातीचा हात धरला. "चल ग, तू इथं नको थांबू. शिळ्या भातावरच असशील सकाळपासून. घरी जाऊ, मी करून घालते काहीतरी."

"आजी उद्या मला पुऱ्या करणार होती," नात म्हणाली. "नाताळच्या. तेवढं पीठ ठेवलंय डब्यात."

"मग मी आत्ताच करून देते. चल."

त्या दोघी दाराकडे निघाल्या. मैत्रिणीने तिचे डोळे पुसले, केस मागे सारले. दारापर्यंत पोचल्या.

"त्या पिठाला हात लावू नका!" मी किंचाळले. बाहेरच्या व्हरांड्यातली माणसं आत डोकावली. "ते विष आहे. दादा, तुम्ही मला दिलेलं बियाणं. औषधाचं बियाणं. ते दळणात गेलं. मला परवापासून माहीत आहे."

दादांना कळायला एक क्षण लागला. मग ते म्हणाले, "ताई, म्या तुम्हाला सांगितलं होतं." रागाने नाही, नुसतंच म्हणाले. डॉक्टरांनी त्यांना औषधाचं नाव विचारलं. ते नाव त्यांना नीट सांगता येईना, तेव्हा ते धावत टेम्पोकडे गेले आणि मळ्यातून औषधाचा डबा घेऊन आले. त्यावर कवटीचं चित्र होतं. डॉक्टरांनी तो वाचला आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे तासाभरापूर्वी कळायला हवं होतं."

मैत्रीण भिंतीला टेकून खाली बसली होती. "मीच पुसले ग ते गहू," ती एवढंच म्हणत होती. "मी फडक्याने पुसले." मी तिच्याजवळ गेले तर तिने माझा हात झटकला. चार दिवस ती जेवली नाही असं तिच्या नवऱ्याने नंतर सांगितलं. दोष माझा होता आणि तो वाहत ती फिरली.

सिस्टर आजीच्या घरी गेल्या आणि डब्यातलं पीठ घेऊन आल्या. तिथून त्या परत यादीतल्या प्रत्येक घरी गेल्या आणि या वेळी खरं काय ते सांगून आल्या. आणखी कुणी काढून ठेवलं नव्हतं. फादर नाताळच्या रात्रीची उपासना, म्हणजे मिस्सा, द्यायला निघाले तेव्हा मी त्यांना व्हरांड्यात गाठून म्हटलं, "फादर, आता बाहेर सांगते." त्यांनी ऐकून घेतलं. "देव तुम्हाला क्षमा करतो," ते म्हणाले, "ती मी कालच दिली. पण तुम्ही ती वापरली कशासाठी?" आणि उत्तरासाठी न थांबता ते पायऱ्या उतरून गेले. त्या नाताळच्या मिस्साला मी गेले नाही. लोकांनी गव्हाणीतल्या गवताचं फार कौतुक केलं, असं मागाहून कानावर आलं.

आजी वाचली. तीन दिवस जीव वर-खाली होत होता, चौथ्या दिवशी तिने नातीला ओळखलं. महिन्याभराने घरी आली, पण उजवा हात थरथरत राहिला, आणि फुलं खुडणं सुटलं. दादांनी तिला माळा ओवायचं काम दिलं, तेही तिला धड जमायचं नाही. मी जमेल ते पोचवायचे. भाजी, तांदूळ, नातीचे कपडे. ती घ्यायची. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती तब्येत विचारायची, शाळेचं विचारायची आणि "बसा बाई" म्हणायची. मीच बसत नसे.

पुढच्या वर्षी आगमनकाळ आला. गव्हाणीचं काम मी सोडलं होतं. मुठीच्या गव्हाचं काम मात्र मागून घेतलं. या वेळी गहू सगळ्यांच्या डोळ्यांदेखत निवडले, गिरणीत स्वतः उभी राहून दळून आणले, आणि आजीची पिशवी घेऊन दुपारी तिच्याकडे गेले.

आजीने पिशवी घेतली. "बसा बाई," ती म्हणाली, आणि या वेळी तिच्या आवाजात असं काही होतं की मी बसले. तिने माझ्यासमोर पिशवी सोडली, परातीत दोन मुठी पीठ घेतलं आणि थरथरत्या हाताने मळायला बसली. पाणी सांडत होतं. मी मदतीला सरकले तर तिने मानेनेच नाही म्हटलं. स्टोव्ह पेटवला, एकच चपाती लाटली, वेडीवाकडी, आणि तव्यावर टाकली. नात दाराच्या चौकटीशी उभी राहून बघत होती. चपाती भाजून झाली तशी आजीने ती ताटलीत घातली, वर गुळाचा खडा ठेवला आणि ताटली माझ्यापुढे सरकवली.

"आधी तुम्ही खा बाई."

मी खाल्ली. मी एकेक घास गिळत होते आणि ती माझ्या तोंडाकडेच बघत होती, शेवटच्या तुकड्यापर्यंत. तिच्या नजरेत राग नव्हता. मी पाणी प्यायले आणि उठायला लागले.

"आता थोडं बसा," ती म्हणाली.

अर्धा तास आम्ही दोघी बसलो. बाहेर कुणी नाताळचे कागदी तारे लावत होतं, पोरांची गाण्याची तालीम चालली होती. मग आजीने माझ्याकडे एकदा नीट बघितलं, परात पुढे ओढली आणि नातीसाठी चपात्या लाटायला घेतल्या.